टपालातले कप्पे



पत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींनी घरीच राहणे पसंत केले असेल. त्यांना दोष देता येणार नाही. वसंतातल्या संध्याकाळी मांडवात येऊन बसायचे ते इतिहास ऐकावा, अर्थकारण ऐकावे म्हणून. ई-मेलच्या कप्प्यांवर बोलणारा मनुष्य कोणास कशाला हवा? परंतु गेल्या वर्षी जी पत्रे हरवली म्हणून आमचे दोन दिवस अन्नावरून मन उडाले होते, ती मुळी हरवलीच नव्हती असे पुढे आढळले. ती कोठे होती आणि का दिसत नव्हती, एवढेच आज सांगावयाचे आहे. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आता असाच वीस वर्षांचा पत्रसंग्रह कोणत्या तरी यंत्रात साठलेला आहे, म्हणून हे धाडस.

एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाच्या समितीवर आम्ही बरीच वर्षे आहोत. वाचनालयाची जागा एका सद्गृहस्थांनी दिलेली. २००९ साली देणगीसंबंधी त्यांनी जे शेवटचे पत्र लिहिले, ते कागदावर नव्हे, ई-मेलने लिहिले. आणि त्यात एक अट घातली, की तळमजल्यावरची खोली दुपारी अभ्यासास बसणाऱ्या मुलामुलींसाठी विनामूल्य उघडी राहावी. ते गृहस्थ आता हयात नाहीत. गेल्या वर्षी ती खोली भाड्याने द्यावी असा ठराव समितीपुढे आला. आम्ही म्हणालो, अट आहे. समिती म्हणाली, पत्र दाखवा. समितीचे म्हणणे रास्तच होते.

नेमका त्याच सुमारास आमचा जुना संगणक बदलला होता. पुतण्याने जुन्या डिस्कवरचे सारे नव्या डिस्कवर उतरवून दिले होते. पत्रे वाचण्याचा आमचा नेहमीचा प्रोग्राम आम्ही उघडला. नुकतेच आलेले टपाल, म्हणजे ज्याला इनबॉक्स म्हणतात ते, जागेवर होते. परंतु 'संस्था' हा कप्पा नव्हता. त्याच्या पोटातला 'जागा' नव्हता, 'हिशेब' नव्हता. वर्षानुवर्षे एकाच्या पोटात एक असे रचत आणलेले चाळीसएक कप्पे. त्यांतला एकही दिसेना. पुतण्या म्हणाला, "काका, इथे काहीच नाही. जुन्यातूनच आलं नसेल." आणि जुनी डिस्क पुसून एका मित्राला देण्याचे त्याने कबूल करून ठेवले होते.

येथे गोष्ट जरा थांबवून तो प्रोग्राम कोणता ते सांगितले पाहिजे. त्याचे नाव मट. इंग्रजीत मट म्हणजे मिश्र जातीचे कुत्रे. १९९५ साली मायकेल एल्किन्स या गृहस्थांनी तो लिहिला. त्याच्या आधी एल्म, पाइन असे प्रोग्राम होते. त्यांचे गुण यात उतरले आहेत, तेव्हा नाव शोभून दिसते. पत्र वाचण्याचे सगळेच प्रोग्राम वाईट, हा त्यांतल्या त्यात कमी वाईट, असे खुद्द कर्त्यानेच म्हणून ठेवले आहे. आपल्या मालाची अशी जाहिरात करणारा व्यापारी आम्ही तरी दुसरा पाहिला नाही.

हा प्रोग्राम टर्मिनलवर चालतो. टर्मिनल म्हणजे काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे. चित्रे नाहीत, माऊसची गरज नाही, जे करावयाचे ते कळफलकावरून. त्यास काय दाखवावयाचे आणि काय नाही, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत आपणच लिहून ठेवावयाचे असते. लिहिले तर प्रोग्राम निमूट ऐकतो. न लिहिले तर आपल्या उपजत समजुतीने चालतो. आणि आमचे सारे संकट या उपजत समजुतीतून उद्भवले.

आता पत्रे ठेवतात कशी ते पाहू. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत, हे या मांडवात नव्याने सांगण्याचे कारण नाही. त्या दप्तरातून निवडून १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी ४५ खंड प्रसिद्ध केले. कागद रुमालातून बाहेर काढला, की तो कोणत्या रुमालातला हे कागद स्वतः सांगत नाही. ती नोंद वेगळी ठेवावी लागते. ई-मेलचेही तसेच आहे. पत्रावर पाठवणाऱ्याचे नाव असते, तारीख असते, विषय असतो. परंतु ते आपण कोणत्या कप्प्यात ठेवले, हे पत्रात कोठेही लिहिलेले नसते. कप्पा ही पत्राची वस्तू नव्हे. पत्रे ठेवणारा आणि पत्रे दाखवणारा यांच्यामधला तो एक संकेत आहे. दोघांचा संकेत जुळला तर कप्पा दिसतो, न जुळला तर दिसत नाही. पत्र दोन्ही वेळी जागच्या जागीच असते.

ठेवण्याची जुनी तऱ्हा अशी, की एका कप्प्यातली सारी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक उतरवावयाची. या फाइलीला एमबॉक्स म्हणतात. फाइल बिघडली तर कप्पाच बिघडला, एवढे सांगून पुढे जाऊ. दुसरी तऱ्हा मेलडिरची. क्यूमेल नावाची टपालव्यवस्था लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइन यांनी ती काढली. तीत प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाइल, आणि प्रत्येक कप्प्यात तीन खोल्या: टेंप, न्यू आणि कर. येणारे पत्र आधी टेंपमध्ये लिहून पुरे होते. मग ते न्यूमध्ये सरकवले जाते. वाचणाऱ्याच्या नजरेखालून गेले की करमध्ये जाते. अर्धवट लिहिलेले पत्र कोणाच्या हाती पडू नये, म्हणून ही व्यवस्था. आणखी एक सोय आम्हांस फार आवडते. पत्राचे पुढे काय झाले, ते फाइलीच्या नावाच्या शेवटी रोमन अक्षरांनी लिहिले जाते. पत्र पाहिले असेल तर एस, उत्तर दिले असेल तर आर, खूण करून ठेवले असेल तर एफ. पत्राच्या मजकुरास हात न लावता त्याची हकीकत त्याच्या नावातच राहते.

मात्र कप्प्याच्या आत कप्पा कसा करावयाचा, याच्या दोन रीती पडल्या. एक वाड्याची रीत: चौकाच्या आत चौक, म्हणजे 'संस्था' या कप्प्याच्या आतच 'जागा' हा खरोखरचा कप्पा. दुसरी चाळीची. कूरियर नावाच्या टपालव्यवस्थेने ती रूढ केली, आणि तिचे नाव मेलडिर प्लस प्लस. चाळीत सगळ्या खोल्या एका ओळीत, एकाच गॅलरीवर. कोण कोणाच्या घरातला हे फक्त दारावरच्या पाटीवरून कळावयाचे. 'संस्था'च्या आतल्या 'जागा'च्या आतला 'देणगी' हा कप्पा प्रत्यक्षात कोणाच्याही आत नसतो. तो शेजारीच असतो; त्याची पाटी मात्र अशी: टिंब, संस्था, टिंब, जागा, टिंब, देणगी. पायऱ्या सगळ्या नावात. आणि आरंभीचे ते पहिले टिंब लक्षात ठेवा, कारण आमच्या गोष्टीतला खलपुरुष तोच.

युनिक्स घराण्याच्या संगणकांत ज्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते, ती नेहमीच्या यादीत दाखवीत नाहीत. हा नियम कोणी विचार करून केला असेल असे आपणांस वाटेल. रॉब पाइक हे त्या घराण्यातले जुने जाणते; त्यांनी २०१२ साली याची जन्मकथा लिहिली. प्रत्येक कप्प्याच्या यादीत 'हा स्वतः' आणि 'याच्या वरचा' अशा दोन नोंदी असतात. पहिलीचे नाव एक टिंब, दुसरीचे दोन टिंबे. त्या दोन यादीत दिसू नयेत म्हणून कोणी तरी घाईने लिहून टाकले, की पहिले अक्षर टिंब असेल तर नोंद गाळावी. दोन नावे गाळावयाची होती, सारी जमातच गाळली गेली. पुढे लोकांनी त्याचा फायदा घेऊन आपल्या प्रोग्रामांच्या सूचनांच्या फाइली टिंबाआड ठेवावयास आरंभ केला, आणि चुकीची रूढी झाली. रूढी अशाही जन्मतात.

मट ही रूढी पाळतो. कप्प्यांची यादी दाखवताना कोणती नावे गाळावी हे ठरवणारी एक सूचना त्यात असते. तिला मास्क म्हणतात. आपण काही न सांगितल्यास तिचा अर्थ असा: टिंबाने आरंभ होणारे आणि दुसऱ्या जागी टिंब नसलेले नाव दाखवू नये. म्हणजे चाळीतली प्रत्येक खोली तीत गाळली जाते. जुन्या संगणकावर आम्ही ही सूचना फार पूर्वी बदलून ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. मग ती नव्या संगणकावर का आली नाही? कारण तिची फाइल, मटला सूचना देणारी ती फाइल, स्वतःच टिंबाने सुरू होते. पुतण्याने आमच्या घरातले 'सारे' उचलण्याची आज्ञा दिली, तेव्हा त्या 'सारे'मध्ये वरच्या पातळीवरची टिंबाची नावे आलीच नाहीत. मेलडिर हा कप्पा आला, आणि तो सबंध आला म्हणून त्याच्या पोटातल्या टिंबाच्या खोल्याही आल्या. पण त्या दाखवणारी फाइल तेवढी मागे राहिली. सूचना आम्ही आठवणीने पुन्हा लिहिल्या. पत्रांचे घर कोठे ते लिहिले, आलेले टपाल कोठे ते लिहिले. मास्क आठवला नाही. त्यात पुतण्याचा काय दोष? वीस वर्षे जी फाइल आपण चालवली, तिची एक प्रत कागदावर छापून ठेवणे आम्हांस कधी सुचले नाही.

हे सर्व आज आम्ही शहाणपणाने सांगत आहोत. त्या दिवशी यातले काहीच सुचत नव्हते. मटमध्ये 'सी' ही कळ दाबली की तो विचारतो, कोणता कप्पा उघडू? तेथे प्रश्नचिन्ह दिले की यादी दाखवतो. आम्ही यादी मागितली. त्याने टेंप, न्यू आणि कर या तीन खोल्या दाखवल्या आणि गप्प बसला. पुन्हा मागितली, पुन्हा त्याच. रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले, की आपण पाहतो आहोत, वजन करीत नाही. सकाळी उठून 'डीयू' ही आज्ञा दिली. एखाद्या कप्प्याने डिस्कवर किती जागा अडवली आहे हे ती सांगते, आणि ती टिंब असो नसो, सगळ्यांना मोजते. उत्तर आले, तीन गिगाबाइटच्या वर. समोर दिसणारी पत्रे त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही नव्हती. रिकामे म्हणून दाखवलेले गाठोडे एवढे जड कसे? पुतण्याला हाक मारली आणि जुनी डिस्क पुसू नकोस एवढे आधी सांगितले. मग टिंबाची नावेही दाखव अशी आज्ञा दिली. चाळीसच्या चाळीस खोल्या ओळीने उभ्या होत्या.

उपाय एका ओळीचा. मास्कला सांगावयाचे, की कोणतेही नाव चालेल. ती ओळ लिहून मट पुन्हा उघडला, की यादीत सर्व कप्पे येतात. चाळीची रीत असल्यामुळे ते सलग, लांब नावांनी येतात. आत उतरण्याचा प्रश्न नसतो. वाड्याच्या रीतीत निराळी अडचण आहे. तेथे 'संस्था'वर एंटरची कळ दाबली, तर मट तिच्यातली पत्रे उघडून दाखवतो, आतल्या चौकात नेत नाही. अशा वेळी कप्पा विचारल्यावर बरोबरीचे चिन्ह देऊन पूर्ण वाट हाताने लिहावी. बरोबरीचे चिन्ह म्हणजे 'माझ्या पत्रांचे घर'. थोडी अक्षरे लिहून टॅबची कळ दाबली तर उरलेले नाव तो स्वतः पुरे करतो.

याहून चांगली रीत अशी, की कोणत्या कप्प्यांवर नजर ठेवावयाची त्यांची नावे 'मेलबॉक्सेस' या सूचनेत एकदा लिहून द्यावीत. मग यादीत असताना टॅब दाबला की तेवढेच कप्पे समोर येतात, आणि नवे टपाल कोणात आले तेही कळते. चाळीस नावे हाताने लिहिण्याचा कंटाळा असेल तर उलट्या अवतरणचिन्हांत शोध घेण्याची आज्ञा लिहावी. तिचे उत्तर आपोआप त्या जागी येऊन बसते. फक्त दोन पथ्ये आहेत. मट उत्तराची पहिलीच ओळ वाचतो, तेव्हा सारी नावे एका ओळीत यावयास हवीत. आणि कप्प्याच्या नावात मोकळी जागा सोडलेली असली तर एका नावाची दोन होतात. 'वार्षिक सभा' या आमच्या कप्प्याचे मटने 'वार्षिक' आणि 'सभा' असे दोन करून दोन्ही सापडत नाहीत म्हणून कळवले होते. २०१६ पासून मटमध्ये डाव्या हाताला कप्प्यांची एक पट्टीही ठेवता येते. तीत नावे पायरीपायरीने आत सरकवून दाखवण्याची सोय आहे. ही पट्टीदेखील 'मेलबॉक्सेस'मध्ये लिहिलेलेच कप्पे दाखवते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही, आणि मग ते पट्टीला बोल लावतात.

आपणांपैकी बहुतेक म्हणतील, आमची पत्रे आमच्या घरी कोठे असतात? ती कंपनीच्या यंत्रावर. खरे आहे. तेथे जाऊन ती पाहण्याची जी बोली आहे, तिला आयमॅप म्हणतात. १९८६ साली स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन यांनी ती सिद्ध केली. तिची एक गोष्ट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. पायरीची खूण कोणती, हे पाहुण्याने गृहीत धरावयाचे नसते. यादी मागितली, की घरमालक प्रत्येक कप्प्याच्या नावाबरोबर सांगतो, आमच्याकडे पायरी तिरक्या रेघेने दाखवतात, किंवा टिंबाने दाखवतात. शिवाय अमुक कप्पा केवळ नावाचा, त्यात पत्रे नाहीत, त्याच्या आत कप्पे आहेत, हेही सांगतो. जीमेलमध्ये चौकटी कंसातला 'जीमेल' हा कप्पा तसाच आहे. तो उघडू म्हटले तर उघडत नाही, त्याच्या आत मात्र पाठवलेली पत्रे, मसुदे वगैरे सारे असते. काही ठिकाणी सगळे कप्पे इनबॉक्सच्या पोटात घातलेले असतात. तेथे घराचा पत्ता तसा लिहिला नाही, तर पुन्हा आमच्यासारखीच रिकामी यादी.

या यादीत मट नावाशेजारी बेरजेचे चिन्ह दाखवतो. त्याचा अर्थ, येथे पत्रेही आहेत आणि आत कप्पेही आहेत. अशा जागी एंटरने आत उतरता येते आणि स्पेसने तेथली पत्रे वाचता येतात. घरच्या वाड्यात एंटर पत्रे उघडतो आणि परक्या घरी तोच एंटर आत नेतो! हा विसंवाद आम्हांस अजून पटलेला नाही. परंतु हात शिकतात. 'डी' या कळेपासून मात्र जपावे. पत्रांच्या यादीत तिने एका पत्रावर काट पडते आणि बाहेर पडण्यापूर्वी ती काढता येते. आयमॅपच्या कप्प्यांच्या यादीत तीच कळ सबंध कप्पा नाहीसा करू का असे विचारते. तेथे सवयीने होय म्हणू नये.

एक गोष्ट खास आपल्यासाठी. कप्प्याचे नाव मराठीत ठेवता येते का? येते. परंतु जुन्या आयमॅपला रोमन अक्षरांपलीकडचे नाव उच्चारता येत नाही, म्हणून ते वेष पालटून जाते. 'पत्रे' या शब्दात संगणकाच्या हिशेबी पाच चिन्हे: प, त, हलन्त, र आणि मात्रा. प्रवासात त्याची सोळा होतात: आरंभी 'अँड'चे चिन्ह, मध्ये चौदा रोमन अक्षरे आणि शेवटी आडवी रेघ. मट ते उलगडून पुन्हा 'पत्रे' असे दाखवतो. ज्यांना मधली सोळा चिन्हेच कोठे दिसली, त्यांनी कप्पा बिघडला असे समजून तो काढून टाकू नये. २०२१ साली आलेल्या आयमॅपच्या नव्या आवृत्तीत मराठी नाव आहे तसे जाऊ शकते. ती आवृत्ती सर्वत्र पोचेपर्यंत वेषांतर चालूच राहील.

आता त्या पत्राकडे वळू. ते 'संस्था', 'जागा', 'देणगी' याच वाटेने सापडले. आम्ही ते छापून समितीपुढे ठेवले. सभासदांनी ते दोनदा वाचले, आणि भाड्याचा ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. त्यानंतर तीन सभा झाल्या. ठराव तहकूबच आहे, आणि खोलीत दुपारी मुले बसतात.

पत्र छापताना त्याची अखेरची ओळ आमच्या वाचनात आली. अट आमच्या चांगली ध्यानात राहिली होती. ही ओळ राहिली नव्हती. खोली उघडली म्हणजे दुपारच्या वेळचे एक छायाचित्र मला पाठवा, असे त्यांनी लिहिले होते. आम्ही त्या फाइलीचे नाव काढून पाहिले. शेवटी एस होता. आर नव्हता.